गेल्या बाजारापासून कोणतं काम सुटलं?

कुंदा,

आज गुरुवार, आपल्या ओपीडीचा दिवस. सकाळी पहिलीच बाई आली, स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आराम हाय बाई." माझं डोकं सणकलं. सवयीनं मान वळवून तुझ्या खुर्चीकडं पाहिलं. आता तू खाली मान घालून हसत असशील आणि मग आपलं सुरू होईल, असं वाटलं. खुर्चीवर कोणीतरी कापसाचा गठ्ठा ठेवला होता. मी उठले, तो गठ्ठा कपाटात कोंबला आणि परत येऊन बसले. ती बाई घाबरून म्हणाली, "माह्यं काही चुकलं का बाई?"

तुझं काही चुकलं नाही माय, म्हटलं. चुकलं असेल तर ते दुसऱ्याच एकीचं, जिची परवा तेरवी झाली.

तू कुठं शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, स्वभावानं कशी मनमिळाऊ होतीस, हे सगळं तेरवीच्या दिवशी लोकांनी सांगून झालं. मनमिळाऊ! मी पत्रावळीवर मान खाली घालून ऐकत होते. आपल्या खोलीबाहेर बाकावर बसणाऱ्या रोग्यांना कोणी विचारायला हवं होतं. आतून एवढा आवाज यायचा की नवीन माणूस उठून जायला निघे, आणि जुना त्याला हात धरून बसवे. "बस गा, त्या दोघी तशाच हायेत. मारत नाईत."

मला तुझ्याशी भांडायचं आहे म्हणून मी लिहिते आहे. दुसरं काही सुचत नाही.

ती खोली तुझीच निवड. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, व्हरांड्याच्या टोकाला, बाहेर पाटी नाही. 'कुष्ठरोग' अशी पाटी लावली की मानसं येत नाईत, असं म्हणून तू ती काढायला लावलीस. मग खोलीला नाव पडलं 'शेवटची खोली' आणि तू 'शेवटच्या खोलीतली सिस्टर'. तू चट्टे पाहायचीस, डोळे पाहायचीस, गोळ्या द्यायचीस. मी फिजिओथेरपीवाली, हातापायांच्या नसा चाचपायची, ताकद मोजायची. डॉक्टर आपल्या दोघींचं ऐकून औषध ठरवायचे, म्हणजे आपण त्यांना ठरवू दिलं तर.

आपल्या कामातला सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे रिअ‍ॅक्शन. रोगाच्या गोळ्या सुरू होतात, अंगातले जंतू मरायला लागतात, आणि नेमका तेव्हाच एखाद्याचा चट्टा लाल होऊन फुगतो, कोपराची नस दोरीसारखी ताठ होते, हात लावू देत नाही. रोगी म्हणतो, तुमच्याच गोळीनं केलं. तो गोळ्या उकिरड्यावर फेकायच्या बेतात असतो. त्याला तू सांगायचीस ते मला पाठ आहे. "हे पाह्य गा दादा, घरात चोर शिरला होता. तो त मेला. पर घरचे लोक अजून लाठ्या घेऊन धावूनच राहिले. अंधारात कोणाले काय दिसते? आता घरातलेच मडके फुटून राहिले. मडके वाचवाले पाह्यजे का नाई?" माणूस मान हलवायचा. मी मागून म्हणायची, एवढं सांगायला मला अर्धा तास लागतो आणि तरी त्याला समजत नाही, ही बाई मडके फोडून मोकळी होते.

मडकं म्हणजे नस. किती मडकी धोक्यात आहेत, तेवढंच आपल्याला लवकर ओळखायचं असतं. चट्टा नुसता लाल, नस आणि डोळा शांत, तर सौम्य. दुखणं थांबायची गोळी द्या, घरी पाठवा. पण नस दुखत असली, बोटातला जोर उतरला, स्पर्श गेला, किंवा चट्टा डोळ्याच्या जवळ असला, तर गंभीर. मग स्टिरॉइडच्या गोळ्या, महिनोन्‌महिने, हळूहळू कमी करत. सौम्याला गंभीर म्हटलं तर माणसाची साखर वाढते, तोंड सुजतं, नको ते दुखणं मागे लागतं. गंभीराला सौम्य म्हटलं तर नस मरते आणि बोट जन्मभर वाकडं राहतं. मधली जागा फार थोडी असते. त्या थोड्या जागेत आपण दोघी भांडत होतो.

माझं मोजमाप पाचांतलं. बोटानं पूर्ण जोर लावला तर पाच. हलतं, पण माझ्या बोटाचा रेटा सोसत नाही तर तीन. नुसतं थरथरलं तर एक. तू रोग्यांना सांगून ठेवलंस, "ते मास्तरीन हाय. मारक देते." झालं. म्हातारी म्हातारी माणसं हात पुढं करून विचारायला लागली, "किती भेटले बाई? पास का नापास?" आणि परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. करंगळीत जोर नसला की शेजारच्या बोटानं तिला ढकलायचं. डोळ्यांवर कापड टाकून मी नायलॉनचा दोरा बोटाला टेकवायची, तर कापडाच्या खालून पाहायचं आणि जोरात म्हणायचं, "लागलं!" रोवण्याचे दिवस असले की कॉपी वाढायची, कारण पास झालं की घरी जायला मिळतं, बांधीत भाताचे पऱ्हे लावणीची वाट पाहत असतात. मी संतापायची. तू म्हणायचीस, "ग्रेस मारक देऊन टाक ना वं, तुह्या बापाचं काय जाते?" मी कधी दिला नाही.

आणि तो शब्द. आराम. आपल्याकडं आराम म्हणजे झोपणं नाही. आराम म्हणजे बरं वाटतं, उतार पडला, आता सोडा मला. या एका शब्दानं माझी जेवढी माणसं फसवली तेवढी कोणी फसवली नसतील. दुखणं दोन कारणांनी थांबतं. नस सुधारली म्हणून, नाहीतर नस मेली म्हणून. रोगी दोन्ही वेळी त्याच चेहऱ्यानं सांगतो, आराम हाय. मी त्या खोलीत हा शब्द बंद केला होता. कोणी म्हटला की त्याची परीक्षा दोनदा.

"म्हणू दे ना वं," तू म्हणायचीस. "डॉक्टरच्या समोर चांगलं बोलाव, असं वाटते मानसाले. पाहुण्यानं कसं हाय म्हटलं त तू काय पोटातलं सांगतेस?"

"मंग मी ओळखू कशी?"

"इचाराचं दुसरं."

तुझं ते दुसरं म्हणजे एकच वाक्य होतं. "गेल्या बाजारापासून कोणतं काम सुटलं?" दुखतं का, बधिर आहे का, असलं काही नाही. बाजार प्रत्येकाला आठवतो. काम प्रत्येकाला असतं. माणूस जरा वेळ छताकडं पाहायचा आणि मग कायच्या काय बाहेर यायचं. लुगड्याच्या निऱ्या जमत नाहीत. चिमटीत मीठ येत नाही. पऱ्ह्याची पेंडी बांधायला गेलं की सुटून जाते. पायातली चप्पल बांधीच्या धुऱ्यावर राहते आणि घरी आल्यावर समजतं. मग मी हात पुढं घ्यायची आणि नेमक्या त्या कामाच्या बोटात जोर उतरलेला निघायचा.

नेहमीच निघायचा असं नाही हं. जास्त फुगू नको. त्या धोतरवाल्या आजोबांना तू तीनदा विचारलंस, त्यांनी तीनदा सांगितलं, काहीच सुटलं नाही. खरंच होतं. त्यांची सगळी कामं सुनेनं आधीच काढून घेतली होती. माझ्या दोऱ्यानं पकडलं त्यांना. त्या दिवशी मी तुला दिवसभर टोमणे मारले आणि तू मला आलुबोंडा खाऊ घालून गप्प केलंस.

पण आपलं खरं भांडण शेवंताचं. ते अजून मिटलेलं नाही, आणि आता एकटीनं कसं मिटवायचं ते तू सांगून गेली नाहीस.

शेवंता तलावाकाठच्या गावची, ढिवराच्या घरची सून. नवरा जाळं टाकायचा. ही फाटलेलं जाळं सांधायची, झिंगे वाळवायची, बाजारात नेऊन विकायची. पहिल्या खेपेला आली तेव्हा गालावरचा चट्टा तापलेल्या तव्यासारखा लाल, आणि कोपराला हात लावला तर किंचाळली. करंगळीला मी चार दिले होते. स्टिरॉइड सुरू झालं. पुढच्या खेपेला हसत हसत आली, टोपलीत आपल्यासाठी सुके झिंगे घेऊन. "आराम हाय."

तू विचारलंस, गेल्या बाजारापासून कोणतं काम सुटलं. ती म्हणाली, "काहीच नाई सिस्टर. सारे कामं करतो." डॉक्टरांकडं रक्ताचा कागद आला होता. तिची साखर वाढली होती, तोंड सुजलं होतं. खरंच उतार असेल तर गोळी लवकर कमी करू, ते म्हणाले. मी करंगळी पाहिली. तीन. म्हणजे उतरली होती. पण दोरा लावला तर दर वेळी "लागलं, लागलं, लागलं." ताकद जाते आणि स्पर्श सगळा शाबूत, हे मला पटेना. शेवटी मी दोरा हवेतच धरला, हाताला टेकवलाच नाही, आणि म्हटलं, "आता?"

"लागलं."

पुन्हा हवेत. "आता?"

"लागलं बाई."

मी तिच्या डोळ्यांवरचं कापड काढलं. "मी हातच नाई लावला वं, बाई."

शेवंता ओक्साबोक्शी रडायला लागली. आणि तू, कुंदा, खुर्ची मागं सारून उभी राहिलीस. "वंदना, तू फिजिओ हायेस का ठाणेदार?"

मी आजही म्हणते, मी बरोबर केलं. न टेकवता विचारणं ही तपासणीची रीतच आहे, ती मी शोधून काढली नाही. तू मला ठाणेदार म्हणालीस ते पूर्ण दवाखान्यात पसरलं. शिपाई अजून मला पाहून सलाम ठोकतो.

मग तिनं सांगितलं. सांगितलं ते तुला, मला नाही. घरी तिनं 'वात हाय' म्हणून सांगून ठेवलं होतं. गंभीर निघालं की खाटेवर ठेवून घेतात, हे तिनं बाहेरच्या बाकावर ऐकलं होतं. "वातासाठी कोणी महिनाभर ठेवते का बाई? सासू समजून जाईन. मंग चूल येगळी, भांडं येगळं. माह्या हातचे झिंगे कोण घेईन बाजारात?" म्हणून ती पास व्हायला आली होती.

आपण दोघी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गेलो. तिला ऐकू जाऊ नये म्हणून गेलो, पण ऐकू गेलंच असणार.

"हिले भरती कराले पाह्यजे," मी म्हटलं. "आज करंगळी गेली, उद्या चिमटी जाईन. जाळं कायनं सांधन ते?"

"अन् घर गेलं त कोणाचं जाळं सांधन?"

"नसेले सासर समजत नाई, कुंदा."

"शेवंताले समजते," तू म्हणालीस. "तू बोटाले गंभीर म्हणतेस. मी म्हणतो, हे बाईच गंभीर हाय. तिच्या घराले लावून पाह्य तुहा दोरा."

मी म्हटलं, घर मोजायचं माप माझ्याकडं नाही. तू म्हणालीस, मंग माप नाई म्हणून ते नाहीच का?  उत्तर मला नंतर सुचलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर बिचारे दारात पेन घेऊन उभे. "तुमचं एकमत झालं की सांगा."

एकमत झालंच नाही, तडजोड झाली. मी अडून बसले म्हणून कागदावर 'गंभीर' लिहिलं गेलं आणि गोळी कमी झाली नाही. तू अडून बसलीस म्हणून शेवंता घरी गेली, हात गळ्यातल्या झोळीत, सोबत साखरेचं औषध. आणि तू डॉक्टरांसमोर शब्द दिलास की दर रविवारी तू स्वतः तिच्या गावी जाशील, साखर पाहशील, हात पाहशील, जरा खाली गेलं तर त्याच दिवशी उचलून आणशील. तुझ्या करडीहून बस पकडून तू जात राहिलीस, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, भाऊजींच्या शिव्या खाऊन. सोमवारी येऊन मला सांगायचीस, "आज जाळं घेऊन बसली होती, चार गाठी मारल्या." मी म्हणायची, गाठी नको सांगू, मार्क सांग. तू म्हणायचीस, मले मारक येत नाईत, गाठी येतात.

तो हात सुधारला. महिने गेले, गोळी हळूहळू उतरवली, साखर आवरली. स्पर्श बराचसा परत आला. चिमटी राहिली. करंगळी तेवढी चारवर थांबली आणि शेजारच्या बोटापासून रुसल्यासारखी बाहेरच राहते. ती जाळं सांधते, झिंगे विकते.

आणि त्या एका करंगळीवर आपण पुढं किती वर्षं भांडलो! चहा पिताना, बसस्टॉपवर, साकोलीला तुझ्या भाचीच्या लग्नात वधूवरांवर अक्षता टाकता टाकता. मी म्हणायची, "भरती केली असती त हे बोट आलं असतं." तू म्हणायचीस, "बोट आलं असतं, बाई गेली असती." मी म्हणायची, तुला काय माहीत? तू म्हणायचीस, तुले काय मालूम? दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून ते एवढं टिकलं.

मग तुझ्या पोटाचं निघालं. नागपूरला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. मी फोन करायची. "कशी हायेस वं?" तू इकडचं तिकडचं सांगायचीस. बांधीत पाणी किती आलं, भाऊजींनी भात कसा करपवला. आणि एका दिवशी मी विचारलं तर तू म्हणालीस, "आराम हाय."

 मग तू हसायला लागलीस. हसता हसता खोकलीस. मी फोन ठेवला, शहापूरच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले आणि मिळेल त्या गाडीनं करडी गाठली.

तू अंगणात खाटेवर होतीस. दुपारचं ऊन उतरत होतं, बाजूला धान वाळत घातलेलं, भाऊजी त्यातून पाय फिरवत होते. त्यांनी मला पाहिलं आणि मुद्दाम पलीकडं निघून गेले. मी खाटेच्या काठावर बसले. दुखते का, म्हणून विचारलं नाही. दुखतच होतं, ते दिसत होतं. मी तुझंच वाक्य विचारलं. "गेल्या बाजारापासून कोणतं काम सुटलं?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं चिडलीस.

"वेणी," तू म्हणालीस. "हात वरते जात नाई वं. गेला त टिकत नाई."

मी घरातून फणी आणली. औषधांनी केस उरलेच किती होते! तरी तेल लावलं, तीन पेड घातले, खाली लाल रिबीन बांधली. शाळेतल्या पोरीसारखी दिसतेस, म्हटलं. आरसा मागितला नाहीस. हात पुढं केलास. "घे, परीक्षा घे."

मी तुझा अंगठा वर करायला लावला, माझ्या बोटानं दाबला. तो लगेच खाली गेला. तू डोळे बारीक करून माझ्याकडं पाहून राहिलीस, तुझे रोगी पाहायचे तशी. "आजच्या दिवस तरी ग्रेस देजो."

 पाच म्हणायला काय लागत होतं? भाऊजी पलीकडं उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं असतं. पण तुझ्याशी खोटं बोलायची मला सवयच नव्हती.

"तीन," मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस आणि मोठा श्वास सोडलास. "हं. आता बरोबर." मग म्हणालीस, "सारे मले पाचातून पाच देऊन राहिले वं. नवरा देते, भाऊ देते, नागपूरचा डॉक्टर बी देते. मी वाट पाहून राहिली होती, मास्तरीन येईन अन् खरं सांगन."

त्या दिवशी परत येताना मी बसमध्ये सगळ्यांसमोर रडले. कंडक्टरनं तिकीट सुद्धा विचारलं नाही. मला तुला तेव्हाच सांगायचं होतं, की तू सुट्टीवर असायचीस तेव्हा मी चोरून तुझंच वाक्य विचारायची रोग्यांना. तुला कळलं असतं तर तू गावभर पेढे वाटले असतेस, म्हणून सांगितलं नाही. आणि तू नसशील तर मी त्या खोलीत कशी बसू, हेही विचारायचं होतं. तेही राहिलं. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं, आणि पुढची खेप तुझ्या तिरडीला झाली.

आता तेरवीचं ऐक. हे सांगण्यासाठीच मी एवढं लिहीत आले.

पंगत बसली होती. मी खाली मान घालून वरण-भात कालवत होते. समोरून पाण्याचा तांब्या आला, आणि तांब्या धरलेल्या हाताची करंगळी बाहेर, रुसलेली. मी मान वर केली. शेवंता! तुझ्या अंगणात, तुझ्या पाव्हण्यारावळ्यांना पाणी वाढत होती, आणि सगळे पीत होते. मला पाहून हसली, रडली, आणि पुढं सरकली. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "माही सून हाय ते."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "तुमाले... म्हणजे तिच्या वाताचं..."

"कायचा वात, बाई," म्हातारी म्हणाली. "मले तवाच समजलं. सिस्टर दर आयतवारी येवून राहिली, वातासाठी कोणी येते का? पर सिस्टरनं कधी तोंड उघडलं नाई. मी लय खोदून पाह्यलं. येवे, बसे, अन् म्हने, 'शेवंता, चाय ठेव वं तुह्या हातचा.' मी ठेवतो म्हटलं त नाई म्हने. 'तिच्याच हातचा पाह्यजे.' मी पाहात राहो. मनात म्हनो, हे शिकली-सवरलेली बाई हिच्या हातचं पिते, अन् सिस्टरले काही होत नाई. मंग एका आयतवारी म्या बी म्हटलं, 'मले बी ठेव वं अर्धा कप.'"

मला सांग कुंदा, हे तू मला कधीच का बोलली नाहीस? सोमवारी येऊन गाठी सांगत बसायचीस. चहाचं सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? का तुला वाटलं, मी म्हणेन की चहा पिणं तपासणीत बसत नाही? म्हटलंच असतं मी. बसत नाहीच ते. पण माझ्याकडं नसलेलं ते माप तुझ्याकडं होतं आणि तू अर्ध्या कपानं मोजत होतीस, हे मला तेरवीच्या पत्रावळीवर समजावं?

मग मी म्हातारीला विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवलंच नसतं, तू ओळखतेस. "आजी, खरं सांगा. तवाच आमी हिले दवाखान्यात महिनाभर ठेवली असती, तुमाले तवाच समजलं असतं, त घरात घेतली असती का?"

म्हातारीनं पत्रावळीवरचा भात गोळा केला. मला वाटलं, आता निकाल लागतो. तू हरतेस नाहीतर मी.

"मालूम नाई बाई," ती म्हणाली. "तवाची मी येगळी होती."

झालं! एवढ्या वर्षांनी साक्षीदार सापडला, आणि तोही असा. मी तिथंच तुझ्याकडं वळून म्हणणार होते, पाहिलंस, अजून माहीतच नाही. तुझा फोटो भिंतीला टेकून ठेवलेला. हार एका बाजूला घसरला होता. मी उठून सरळ केला आणि परत येऊन जेवले.

आता आजचं. ती सकाळची बाई, आराम हायवाली. मी तिची परीक्षा दोनदा घेतली नाही. खुर्चीकडं एकदा पाहिलं आणि तिला विचारलं, "गेल्या बाजारापासून कोणतं काम सुटलं वं?" ती लाजली. म्हणाली, "काम नाई बाई. पर टिकली कपाळाले लागत नाई. बोटालेच चिटकून राहते अन् मले समजत नाई. तशीच बाजारात जाऊन आली, बाया हसल्या." मी तिचा हात घेतला, डोळ्यांवर कापड टाकलं. बोटांच्या टोकांना दोरा लागत नव्हता. एकदा न टेकवता विचारलं, ती गप्प राहिली. कॉपी करणारी नव्हती. मनगटाची नस ताठ, अंगठा साडेतीनावर. मी डॉक्टरांना सांगितलं, गंभीर. ते लिहायला लागले.

आणि मी थांबले. इथं तू म्हणतेस, "अन् घर?" कोणी म्हणालं नाही. पंखा फिरत होता. डॉक्टरांचा कागद अर्धा भरला होता. मग मलाच विचारावं लागलं, "घरी कोण कोण हाय वं तुह्या? चाय कोण करते?" डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ती सांगत गेली, मी ऐकत गेले. भरती करायचं ठरलं, कारण तिच्या घरी नवरा आहे आणि त्याला माहीत आहे, तो बाहेर बाकावरच बसला होता. तुझं म्हणणंही मीच मांडलं, माझंही मीच. सगळं दोन मिनिटांत निपटलं. बाहेर बाकावर कोणी दचकलं नाही. शिपाई दारातून डोकावून गेला, की आज एवढं शांत काहून आहे.

ती गेल्यावर डॉक्टर पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "मॅडम, तुमचं कसं आहे आता?" मी काय म्हणाले असेन, तू ओळखलंच असशील. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. चांगले आहेत ते, पण त्यांना पुढचं विचारता येत नाही.

तू असतीस तर सोडलं नसतंस. खुर्ची ओढून समोर आली असतीस आणि विचारलंच असतंस.

भांडण सुटलं वं, कुंदा. तेवढंच. बाकी आराम हाय.